अकरा जोड्या आणि एक तराजू

माझ्या वस्तू तराजूत घालून तोलल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, विसर. का विसरू? ज्यांनी तोलल्या ते विसरले म्हणून मीही विसरायचं? ते काही नाही. मी सगळं सांगणार आहे आणि रागातच सांगणार आहे. शांतपणे सांगायचा प्रयत्न दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा ऐकणाऱ्याने "जाऊ दे ना अक्का" म्हणत चहा टाकायला सांगितला.

वस्तू म्हणजे टेकू. टेबलावर पुस्तकं उभी लावली की ती कडेने घसरतात, म्हणून दोन्ही टोकांना जे वजन लावतात ते. इंग्रजीत त्याला बुकएंड म्हणतात. ग्रंथालयांत असतात ते साधे, काटकोनात वाकवलेल्या पत्र्याचे. पण जुन्या काळी साहेबांच्या बंगल्यांत, मोठ्या वकिलांच्या ऑफिसांत ओतीव टेकू असायचे, बिडाचे नाहीतर पितळेचे. कुठे घोडा, कुठे घुबड, कुठे शिडाचं जहाज. बुडाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली, टेबलावर ओरखडा उठू नये म्हणून. आमच्या घरात कुणी त्यांना ठोकळे म्हणायचं, कुणी भंगार. नाना, म्हणजे माझे वडील, टेकू म्हणायचे, म्हणून मीही टेकूच म्हणते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. टेकू नेहमी जोडीने असतात. वरवर पाहिलं तर दोन्ही सारखे, पण एक डाव्या बाजूचा असतो आणि एक उजव्या. एका घोड्याचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. चपलांच्या जोडासारखंच आहे ते. एक चप्पल कितीही भारी असली तरी ती घालून कुणी बाजारात जात नाही. हे समजायला फार शिकावं लागतं असं मला तरी वाटत नव्हतं.

मी धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होते. घर जळगावचं. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतलेली. शनिवारी दुपारची एस.टी. धरून जळगावला यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे ऐंशी-एक्याऐंशीला, कॉलेजला भुसावळहून एक पत्र आलं. रेल्वेतल्या एका गार्डची विधवा मुलाकडे कायमची परदेशी निघाली होती आणि नवऱ्याची पुस्तकं कॉलेजला देऊन टाकणार होती. यादी करायला मला पाठवलं.

रेल्वेच्या जुन्या बंगल्यांपैकी एक बंगला. सत्तरीच्या बाई, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, आणि हिंदी मात्र भुसावळ फलाटावरची अस्सल. पुस्तकं कपाटात होतीच, पण एका लांब टेबलावर पंधरा-वीस उभी लावलेली होती आणि त्यांच्या दोन्ही टोकांना काळपट पितळेचा एकेक म्हातारा खुर्चीत बसलेला. डावीकडचा चष्मा लावून पुस्तक वाचत होता. उजवीकडे तोच म्हातारा, तीच खुर्ची, पण पुस्तक मांडीवर पालथं पडलेलं, मान मागे टेकलेली आणि तोंड उघडं. वाचता वाचता झोप लागलेली. मला हसू आवरेना. बाईही हसल्या. म्हणाल्या, "किताबें कॉलेज की. ये तू ले जा. मगर पैसे दे के ले जा, मैं भीख नहीं बाँटती." मी पर्स रिकामी केली. परतीच्या तिकिटापुरते तेवढे ठेवले.

दोन्ही म्हातारे मिळून चांगले जड होते. भुसावळहून जळगावला येताना कंडक्टरने पाय अडखळला म्हणून पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "काय ताई, वरवंटा नेऊन राहिल्या का?" सगळी बस हसली. मला काय, मी पण हसले. घरी आले तेव्हा नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते. नाना प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. सकाळी वाचायचं आणि दुपारी आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून घोरायचं, हा त्यांचा कार्यक्रम. मी दोन्ही म्हातारे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकेक उचलून नीट पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. म्हणाले, "हा मी सकाळचा. आणि हा मी दुपारचा." आत आई म्हणाली, "लोकांच्या पोरी पहिल्या पगारातून सोनं घेतात, आमची बघा." नानांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

तिथून मला नाद लागला. लागला तो लागलाच. धुळ्यात एका वारलेल्या वकिलाच्या ऑफिसातलं सामान निघालं, तिथे बिडाची घुबडं आणि घोडे मिळाले. जळगावात भंगारवाल्यांच्या गल्लीत मी ओळखीची झाले. तिथला एक चाचा माझ्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवायचा. कानस घेऊन बुडाला एक घासा मारायचा, पिवळं चकाकलं तर पितळ, करडं दिसलं तर बीड, आणि नुसताच भुगा पडला तर जस्ताचं ओतीव, घेऊ नको म्हणायचा. मी त्याला शिकवलं की घासायचं ते बुडालाच, आणि एकटा आला तर दुसरा येईपर्यंत विकायचा नाही. त्याला कळलं. भंगार विकणाऱ्या माणसाला कळलं, तीनदा सांगावं लागलं नाही. शिडाची जहाजं मला त्याच्याकडेच मिळाली. एक आलं आणि दुसरं चार महिन्यांनी, कुठल्याशा जिनिंगच्या जुन्या ऑफिसातून. जहाजं धुळ्याला एका कासाराकडे झाळून डाग द्यायला नेली होती, ती जळगावला मोठ्या भावाने उचलून आणली. हे नीट लक्षात ठेवा. मोठ्याने स्वतःच्या खांद्यावरून आणली, आणि मला म्हणाला, "अक्का, तुझ्या नादापायी माझा खांदा निखळला."

मला दोन भाऊ, दोघंही माझ्याहून लहान. त्यातला मोठा तो मोठा आणि दुसरा धाकटा, असं आम्ही म्हणत असू. मोठ्याचं जळगावात बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. धाकटा वीज केंद्रात लागला आणि दीपनगरच्या कॉलनीत राहायला गेला. माझं लग्न झालं नाही. एकदा जमत आलं होतं. मुलाकडची माणसं घरी आली, मुलाच्या काकांनी माझ्या कपाटातला पितळी हत्ती उचलला, हातात तोलून पाहिला आणि विचारलं, "पोरगी हे वजनावर घेते की नगावर?" मी म्हटलं, "तुम्ही मुलगा कशावर देता?" झालं. चहा अर्धा टाकून उठले. आई आठवडाभर बोलली नाही. मला आजही त्या उत्तराचा पश्चात्ताप नाही.

धुळ्याच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून टेकू जळगावला. नानांनी स्वतःचं काचेचं कपाट रिकामं करून मला दिलं. दर शनिवारी मी यायच्या आधी ते मऊ फडक्याने एकेक टेकू पुसून ठेवायचे. एका दिवाळीत आईने हत्ती काढले आणि चिंच-राख लावून असे घासले, असे घासले की देव्हाऱ्यातल्या घंटेसारखे लखलखीत. शंभर वर्षांचा काळपट रंग, जो कशानेही परत येत नाही, तो मोरीतून वाहून गेला. मी किंचाळले. आई म्हणाली, "अगं, घाण होती ती! कोणी पाहिलं असतं तर मला काय म्हटलं असतं?" आईवर मी रागावले खरी, पण तो राग फार टिकला नाही. तिने चांगल्याच मनाने केलं होतं. त्या दिवसापासून नानांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. अठ्ठ्याऐंशीपर्यंत अकरा जोड्या झाल्या. एकूण बावीस. वाचणाऱ्या आणि झोपणाऱ्या म्हाताऱ्यांची जोडी मात्र कपाटात नव्हती. ती नानांच्या टेबलावर, त्यांच्या पुस्तकांना टेकवलेली.

नाना दुपारी गेले. आरामखुर्चीतच. मांडीवर पुस्तक पालथं होतं. त्याबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही.

चौदावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वाटणीला बसले. धुळ्याकडच्या खेड्यातून मामा आलेले, बोलणं सगळं अहिराणीत. आमच्याकडे मामा म्हटलं की शेवटचा शब्द. शेजारचे एक आबा आणि वकिलाचा कारकून कागद घेऊन. घर आईच्या नावावर करायचं ठरलं, ते ठीक. शेत दोघा भावांचं. मला सकाळीच एक हिरवी साडी आणि खण देऊन कागदावर सही घेतली, की वडिलांच्या मिळकतीत मला काही नको. हक्कसोड म्हणतात त्याला. मी केली सही. सगळ्या बहिणी करतात म्हणून केली. आई माझ्याकडे बघत होती म्हणून केली. बावळट होते म्हणून केली, असंही म्हणा. मला शेत नको होतंच, पण नको म्हणणं आणि नको म्हणायला लावणं यात फरक असतो, तो मला त्या वेळी कळला नाही. मी सही करून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले.

आमच्याकडे वाटणीत भांडी तोलून वाटायची रीत आहे. नग मोजले तर भांडणं होतात, एकाचा हंडा मोठा, दुसऱ्याचा लहान. म्हणून घरातलं सगळं तांबं-पितळ अंगणात काढायचं, तराजू टांगायचा आणि दोन ढीग करायचे, वजनाला सारखे. मोठ्याच्या दुकानातून तराजू आणला होता. घंगाळ गेलं, परात गेली, पाण्याचे हंडे गेले. मला आतून खणखणाट ऐकू येत होता. मग मामांनी हाक मारली, "माय, त्या कपाटनी किल्ली कुठे शे?"

किल्ली माझ्याकडे होती. नानांच्या जानव्यावरून काढून आईने माझ्या हातात ठेवली होती. मी हात पुसत बाहेर आले आणि किल्ली मामांना दिली. मला वाटलं, माझ्या वस्तू कपाटातून काढून एका बाजूला ठेवायच्या असतील, म्हणजे कपाट वाटता येईल. खरंच असं वाटलं. इतकी मी शहाणी.

चहाचा ट्रे घेऊन पुन्हा बाहेर आले तेव्हा बावीसच्या बावीस टेकू अंगणात सतरंजीवर ओळीने मांडलेले होते. नानांच्या टेबलावरचे म्हातारेसुद्धा. पुस्तकं आत आडवी पडली असणार. मामा म्हणत होते, यातला एक जड, एक हलका, एक बिडाचा, एक पितळेचा, ढीग कसे करावे? तेव्हा मोठा पुढे झाला. जहाजं खांद्यावरून आणणारा मोठा. म्हणाला, "मामा, सोपं आहे. हे सगळे दोन-दोन आहेत. प्रत्येकातला एकेक त्याला आणि एकेक मला. वजन आपोआप सारखं होतं."

"वा!" आबा म्हणाले. कारकूनसुद्धा म्हणाला, "अगदी न्याय झाला." सगळ्यांचे चेहरे खुलले. कुणाला एक तोळा कमी नाही, कुणाला एक तोळा जास्त नाही. मामांनी तरीही खात्रीसाठी एकेक जोडी तराजूत घातली. डावा घोडा एका पारड्यात, उजवा दुसऱ्या पारड्यात. काटा मधोमध उभा राहिला. मामांना एवढा आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं.

मी म्हटलं, "मामा, हे माझे आहेत."

"घरमा जे शे ते बठ्ठं नानानं," मामा म्हणाले. घरातलं सगळं नानांचंच, असं; रागावून नाही, समजावून. मी म्हटलं, माझ्या पगारातून घेतलेत, एकेक. मोठ्याला विचारा. सगळ्यांनी मोठ्याकडे पाहिलं. मोठा तराजूची साखळी सरळ करत राहिला. धाकटा म्हणाला, "अक्का, तू राहतेस एका खोलीत, तुला एवढं वजन कशाला?" आणि आई, माझी आई, दारात उभी राहून म्हणाली, "बाई, आज तरी तमाशा करू नको."

"तुले जोयजे तं एक लई ले," मामा म्हणाले, "आठवण म्हनीसन."

एक. एक घे म्हणे! मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि आत गेले. एकही घेतला नाही. त्या दिवशी मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे गोड बोलत होते. सगळ्यांना वाटत होतं आपण फार न्यायाने वागलो. वाचणारा म्हातारा मोठ्याकडे गेला, झोपलेला म्हातारा दीपनगरला.

मला काय हवं होतं ते साधं होतं. टेकू परत हवे होते, जोडीने. आणि भावांपैकी एकाने तरी तोंडाने म्हणायला हवं होतं की ते अक्काचे आहेत. एवढंच. यासाठी मी सात वर्षं चपला झिजवल्या.

वर्ष-दीड वर्षातच दोघा भावांचं शेतातल्या विहिरीच्या पाळीवरून वाजलं. बोलणं बंद. एक जळगावला, एक दीपनगरला, आणि मधे मी. मोठ्याच्या दुकानात गेले तर उजवा घोडा दाराला आडवा, वाऱ्याने दार लागू नये म्हणून. त्याच्या पाठीवरून गिऱ्हाइकं पाय टाकून जात होती. वाचणारा म्हातारा गल्ल्याशेजारी बिलांच्या गठ्ठ्यावर, नाकाचा टवका उडालेला. मी म्हटलं, "दे मला." मोठा म्हणाला, "देतो ना अक्का, मी कुठे नाही म्हणतो? पण आधी त्याने द्यावे. मी आधी दिले तर गावात होईल की मी चोरून ठेवले होते." दीपनगरला गेले. भावजयीने टी.व्ही.च्या खाली शोकेस केलेली, त्यात माझे अकरा टेकू, प्रत्येकाच्या खाली क्रोशाचा रुमाल. आणि सगळ्यांना सोनेरी ऑइलपेंट! झोपलेल्या म्हाताऱ्याच्या उघड्या तोंडातसुद्धा रंग भरलेला. भावजय हौसेने म्हणाली, "वन्सं, बघा आता कसे उठून दिसतात." तिला काय बोलणार? ती बिचारी नव्याने आलेली. धाकट्याला म्हटलं, दे. धाकटा म्हणाला, "त्याने दिले की मी त्याच दिवशी देतो. शप्पथ."

मी त्याला टेबलावर पुस्तकं रचून दाखवलं की एका बाजूने टेकू लावला तर दुसऱ्या बाजूने सगळी लवंडतात. त्याने शांतपणे टेबल भिंतीला सरकवलं, पुस्तकं भिंतीला टेकवली आणि दुसऱ्या टोकाला टेकू लावला. "राहतात की उभी," म्हणाला. "एक पुरतो, अक्का." मला इतका संताप आला की मी बोदवडच्या एका मैत्रिणीकडे जायचं सोडून तशीच धुळ्याच्या गाडीत बसले. अख्खा रस्ता मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते. सगळी उत्तरं चांगली होती, पण उशिरा सुचलेली.

किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही. दर राखीला दोघांकडे गेले. दर राखीला ताटात साडी आली. टेकू आला नाही. मोठ्याच्या बायकोने तर पितळी हत्ती मोडीत देऊन नवी कळशी आणली आणि मला तीच कळशी दाखवली. आई म्हणायची, "भावांशी वाईट होऊ नको, म्हातारपणी तेच बघतील." मी म्हणायचे, "आई, तू एकदा सांग ना त्यांना." आई पदराने डोळे पुसायची आणि माझ्या आवडीची कळण्याची भाकरी करायला घ्यायची. ती भाकरी मी खायचे आणि मग पुन्हा चिडायचे, स्वतःवर.

शहाण्णवला आई गेली. महिन्याभराने धुळ्याच्या पत्त्यावर एक अंतर्देशीय आलं. वर मोठ्याचं अक्षर, खाली दोघांच्या सह्या. दोघांच्या! सहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या. घराला चांगलं गिऱ्हाईक आलंय, घर आईच्या नावावर होतं, तर आता तुझी सही लागेल, अमुक रविवारी ये. मी कॉलेजातल्या माझ्या टेबलावर ते पत्र चार वेळा वाचलं. माझी पहिली सही नानांच्या मिळकतीपुरती होती; आईच्या घरात तिघांचा सारखा वाटा. मग एका पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं: "माझे टेकू घेऊन या. दोघांकडचे, सगळे. मग सहीचं बोलू." पोस्टकार्ड मुद्दाम पाठवलं. पोस्टमनपासून भावजयींपर्यंत सगळ्यांना वाचता यावं.

रविवारी गेले. तोच अंगणाकडचा दरवाजा, तेच मामा, थकलेले. आईच्या फोटोला हार. कारकून बदलला होता, कागद तसाच, हक्कसोडीचा. आणि सतरंजीवर दोन गोण्या. मोठ्याची खताची, धाकट्याची सिमेंटची. मी कुणाशी न बोलता खाली बसले आणि एकेक काढायला लागले. सोनेरी डावा घोडा, त्याच्याशेजारी गंजलेला उजवा. जहाजं. घुबडं. बावीसमधले अठरा निघाले. मोडीत गेलेला हत्ती नव्हताच, आणि आणखी तीन कुठे गेले ते दोघांनाही सांगता येईना. सात जोड्या पुऱ्या झाल्या, चार टेकू एकटे उरले. शेवटी म्हातारे निघाले. वाचणाऱ्याचं नाक गेलेलं, झोपलेल्याच्या तोंडात सोनेरी रंग. मी त्यांना समोरासमोर ठेवलं. मग मात्र डोळ्यांत पाणी आलं, पण रडले नाही. त्यांच्यासमोर रडायचं नाही हे बसमध्येच ठरवून आले होते.

"टेकू भेटनात ना तुले?" मामा म्हणाले. "मंग कर सही."

कारकुनाने कागद पुढे सरकवला. मी पर्समधून पेन काढलं, टोपण काढलं, कागद सगळा वाचला. ग्रंथपाल आहे, वाचल्याशिवाय सही करायची नाही हे मला दुसऱ्यांना सांगायची सवय आहे, स्वतः मात्र एकदा विसरले होते. वाचून झाल्यावर विचारलं, "मामा, या सहीबद्दल मला काय मिळतंय?"

"हे काय, तुझे टेकू दिले ना सगळे?" मोठा म्हणाला.

"ते माझेच होते. माझं मला परत केलंत, तेही रंग फासून आणि चार हरवून. त्यात तुम्ही मला दिलंत काय?"

धाकटा मोठ्याकडे बघायला लागला. बाहेर गिऱ्हाइकाचा माणूस स्कूटरवर बसून वाट बघत होता, तो दोनदा डोकावून गेला. शेवटी मोठा खाकरला आणि म्हणाला, "अक्का, ते तुझेच होते, मान्य. पण घराचं तसं नाही ना."

सात वर्षं मी जळगाव-दीपनगर करत होते ते या एका वाक्यासाठी. नाना असताना हा पोरगा मला "खांदा निखळला" म्हणत होता, आणि तराजूपुढे मुका झाला होता. आज आलं वाक्य. घर विकायचं होतं म्हणून आलं, आणि मागे "पण" लावून आलं.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"आधी म्हणालास ते. मामांना ऐकू जाईल असं. आणि पण नको."

त्याने आईच्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी नाना रागावले की व्हायचे तसे. "ते अक्काचेच होते, मामा," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "आता घराचं बोला. तिघांत."